पहिली नळी

“काका, हात नका लावू. अजून अकरा मिनिटं आहेत.”

ज्योत्स्ना पाठमोरी होती, तरी तिला कळले. देवराम पगारेने लाकडी स्टँडकडे नेलेला हात मागे घेतला आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. जुलैचे ढग सातपूरवर इतके खाली उतरले होते, की कारखान्यांच्या धुराड्यांची तोंडे त्यांत बुडून गेल्यासारखी दिसत होती. पहिली पाळी कधीच आत गेली होती. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे पत्रा कापणारा पॉवर प्रेस एका लयीत आदळत होता आणि प्रत्येक आघाताबरोबर खिडकीची सैल काच अगदी बारीक थरथरत होती.

स्टँडमध्ये दोन नळ्या उभ्या होत्या. वीतभराहून लांब, बोरूहून बारीक, अंगावर मिलिमीटरच्या रेघा. अशा नळीत रक्त भरून ती उभी केली, की तांबड्या पेशी आपल्याच वजनाने सावकाश खाली बसू लागतात आणि वर पिवळसर पाण्याचा थर उरतो. बरोबर एका तासाने त्या थराची उंची मोजायची. धडधाकट माणसाची ती पाच-दहा मिलिमीटर भरते. वीसच्या वर गेली, की डॉक्टर कागदावरून मान वर करतात. या तपासणीला ईएसआर म्हणतात. ती कुठल्या आजाराचे नाव सांगत नाही. शरीरात कुठेतरी काहीतरी जळते आहे, एवढेच सांगते.

कामगार वस्तीतल्या या धर्मादाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेत देवराम १९८९ साली लागला. त्याला काम शिकवणारे लहानू अहिरे हे मोठे काटेकोर गृहस्थ होते. स्टँड जरासे कलले, खोली तापली, जमीन हादरली, की पेशी घाई करतात आणि आकडा फुगतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्यावर त्यांची एक पद्धत होती. दर सोमवारी स्टँडमधली पहिली नळी निरोगी माणसाच्या रक्ताची लावायची. तिचा आकडा नेहमीसारखा आला, तर स्टँड खरे. “आणि निरोगी माणूस शोधायला लांब जायचं नाही, पगारे,” ते म्हणाले होते, “तू आहेस की.”

तो होताच. त्या काळी देवराम विल्होळीहून सायकलने येत असे. अकरा किलोमीटर सकाळी, अकरा संध्याकाळी. महामार्गाच्या कडेने, बहुधा उलट्या वाऱ्यात. त्याच्या नळीचा आकडा सहा. थंडीत सहा, मे महिन्यात फार तर सात. त्या आकड्याचा त्याला मनातून अभिमान होता. पण माणूस संकोची, त्याने तो कधी कुणापाशी बोलून दाखवला नाही. अहिरे निवृत्त झाले, पद्धत मात्र राहिली. पहिली नळी देवरामची.

सत्त्याण्णव साली त्याला दवाखान्याच्या आवारातच खोल्या मिळाल्या. घरापासून प्रयोगशाळेपर्यंत एकतीस पावले. सायकल त्याने मेहुण्याला देऊन टाकली. वत्सलाला आनंद झाला. नवरा दुपारी घरी गरम भाकरी खाऊ लागला. दोन वर्षे अशीच सुखात गेली आणि एका सोमवारी पहिल्या नळीचा आकडा नऊ आला. पुढच्या वर्षी चौदा. मग सतरा.

आपण निरोगी नसू, ही शंका देवरामच्या मनाला शिवलीच नाही. दहा वर्षे जो हलला नाही तो आकडा आपला. हलले असेल ते स्टँड. आणि नेमका त्याच सुमारास भिंतीपलीकडे तो प्रेस बसला होता. जमीन हादरते, म्हणून पेशी घाई करतात. अपराधी सापडला. त्याने स्टँडखाली रबर घातले, कागदाच्या घड्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने आपल्यापुरता एक उपाय काढला. पहिली नळी सहाच्या वर जितकी जाईल, तितके मिलिमीटर त्या आठवड्यातल्या प्रत्येक रोग्याच्या आकड्यातून वजा करायचे. ही वजाबाकी तो मनातल्या मनात करी. फक्त सोमवारचा स्वतःचा आकडा एका छोट्या वहीत टिपून ठेवी. रोग्यांवर अन्याय होऊ नये म्हणून आपण हे करतो आहोत, असे त्याला मनापासून वाटे.

ज्योत्स्ना डिप्लोमा करून जूनमध्ये नोकरीला लागली होती. तिचे वडील गवंडी. पहिल्या नळीचा चढता आकडा पाहून शनिवारी तिने त्यांची लेव्हल पर्समधून आणून स्टँडवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. “स्टँड तर सरळ आहे, काका,” ती म्हणाली होती. “मग प्रेसमुळे असेल,” देवराम म्हणाला. म्हणून आज सकाळी तिने स्वतःचे रक्त काढून त्याच्या शेजारच्या नळीत भरले.

तास भरल्याची घंटी वाजली. दोघे एकदमच वाकले.

ज्योत्स्नाची नळी आठ. देवरामची चोवीस.

“प्रेस हादरवत असता, तर माझाही वर गेला असता ना?” ती हलक्या आवाजात म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून घाईघाईने पुढे बोलली, “घाबरू नका हो. एवढं काही नसतं. पण सरांना दाखवून घ्या. उगाच अंगावर काढू नका.”

तिला वाटले, काका स्वतःसाठी घाबरले.

त्या दुपारी ती जेवायला गेल्यावर देवरामने प्रयोगशाळेचे दार लोटले. एका हाताशी सोमवारची छोटी वही, दुसऱ्या हाताशी रोग्यांच्या तपासण्यांची मोठी नोंदवही. जे वजा केले होते ते तो एकेका नावात परत मिळवू लागला. बारा लिहिलेले बावीस होत होते. चौदाचे सव्वीस. अठराचे चौतीस. वीसच्या आत म्हणून घरी पाठवलेली आणि खरे तर वीसच्या कितीतरी पुढे असलेली माणसे तीन वर्षांत त्रेचाळीस निघाली. त्यांतली बहुतेक नावे त्याच्या ओळखीची होती. एकतिसावे नाव मल्हारीचे होते. फेब्रुवारी २००३. लिहिलेला आकडा एकोणीस. खरा आकडा छत्तीस.

मल्हारी हा हरसूलकडचा. वीस वर्षे प्रेसवर उभा राहून पत्रा कापणारा, उंच, हाडापेराने मोठा, सदा थट्टेत. वस्तीत देवरामला ‘मच्छर’ हे नाव त्यानेच पाडलेले. फेब्रुवारीत कारखान्याच्या तपासणीला आला, तेव्हा बाही वर करून म्हणाला होता, “चाव बाबा. पन सगळं पिऊ नको, पोरीच्या लग्नापर्यंत पुरलं पायजे.” छातीत जड वाटते, जिना चढताना दम लागतो, असे त्याने डॉक्टरांना सांगितले होते. डॉक्टरांनी कागद पाहिला. “एकोणीस. बरा आहे. पित्त असेल,” म्हणाले होते.

देवरामने दोन्ही वह्या मिटल्या. बाहेर प्रेस आदळत होता. आता त्या आवाजाच्या आड लपता येण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या डॉक्टरांकडे, गायधनींकडे गेला. पण सोबत एकच आकडा घेऊन गेला; आपला.

“तुम्ही आमचे नमुन्याचे निरोगी, पगारे! तुम्हाला काय झालं?” डॉक्टर हसले. पण त्यांनी त्याला नीट तपासले. छातीचा फोटो स्वच्छ. दात ठीक. लघवीत काही नाही. साखर किंचित चढलेली. मग त्यांनी टेप काढून त्याचे पोट मोजले आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “जंतू नाही, जखम नाही, तरी आग आहे. हल्ली या गोष्टीवर बरंच लिहून येतंय. बसून राहिलेल्या माणसाच्या पोटावर चरबी साठते ना, ती नुसती पडून राहत नाही, धुमसत राहते. राखेखाली विस्तव असतो तशी. वर काही दिसत नाही. पण त्या धगीनं वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या आतून खरवडल्या जातात. मग कुणाला साखर होते, कुणाचं हृदय जातं.”

“औषध?”

“चाला. रोज पाऊण तास, घाम येईल असं. नुसतं पाय मोकळे करायला नव्हे. स्नायू कामाला लागले, की रक्तात असं काही सोडतात, की ती धग निवत जाते. एका दिवसात नाही. चार महिने मोडू नका. सायकल सोडलीत तिथूनच हे सुरू झालं बघा.”

“आणि जो दिवसभर मशीनवर उभा असतो, त्याला?”

“उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. खांबसुद्धा उभाच असतो.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “का? आणखी काही?”

ते शब्द देवरामच्या जिभेपर्यंत आले होते. सर, त्रेचाळीस माणसं. त्याच क्षणी त्याला दिसल्या त्या आवारातल्या दोन खोल्या, वत्सलाने दारात लावलेली जास्वंद, आणि अहिऱ्यांचा तो शब्द, ‘तू आहेस की.’

“काही नाही, सर. उद्यापासून सुरू करतो.”

त्याने खरोखरच सुरुवात केली. पहाट फुटली, की कॅनव्हासचे बूट घालून तो पाइपलाइन रोड धरी. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मळे, पुढे गंगापूर रस्ता, तो ओलांडला की उतार आणि खाली गोदावरीचे खडकाळ पात्र. परत येताना तोच उतार चढ होई. पहिल्या आठवड्यात त्या चढावर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. पुढच्या महिन्यात तो न थांबता वर येऊ लागला. सिंहस्थाची गर्दी नाशकात लोटली, रस्ते बंद झाले, बसगाड्या वळवल्या. त्याची चाल मोडली नाही.

त्याने स्वतःशी एक करार केला होता. वजाबाकी त्याने त्या दिवसापासून थांबवली होती. पुढे तरी कुणाचे चुकणार नाही. राहिले ते जुने त्रेचाळीस. आपली नळी एकदा दहाच्या आत येऊ दे, मग सांगू. ज्याचा स्वतःचाच आकडा बिघडला आहे, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचे? हा विचार त्याला शहाणपणाचा वाटे. फक्त चढाच्या मध्यावर, श्वास तोकडा झाला आणि मन उघडे पडले, की त्याला कळे, की हे शहाणपण नाही. ही मुदत आहे, आणि ती आपण दुसऱ्यांच्या आयुष्यातून घेत आहोत.

सप्टेंबरात आकडा एकोणीस झाला. “हल्ली वस्तीतल्या सगळ्यांचे ईएसआर वाढलेत, पगारे,” एका सकाळी डॉक्टर कागद चाळत म्हणाले. “यंदाचा पाऊस बाधला वाटतं.” ज्योत्स्नाने चमकून देवरामकडे पाहिले. तो नळ्या धूत राहिला.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी वत्सलाबरोबर तो बुद्धविहारात जाई. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसे. पंचशील म्हणताना ओळीने आवाज उठत. चौथ्या शीलापाशी, खोटे बोलणार नाही या वचनापाशी आले, की त्याचे ओठ हलत, पण आवाज फुटत नसे. एकदा वत्सलाने घरी येताना विचारले, “घसा बसलाय का तुमचा?”

“थोडासा.”

“पहाटेच्या गारठ्यात फिरता, म्हणून. मफलर बांधत जा.”

ऑक्टोबरात पंधरा. त्याच आठवड्यात पाइपलाइन रोडवर मागून हाक आली.

“ओ मच्छरभाऊ! पोट कुठं गेलं तुमचं? कुनी चोरून नेलं का?”

मल्हारी रात्रपाळी करून परतत होता. चेहरा राखाडी, डोळ्यांखाली सूज. हसत होता, पण हसताना मध्ये थांबून श्वास घेत होता. देवराम थांबला.

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,” तो म्हणाला. मग धीर करून बोलला, “मल्हारी, एकदा परत रक्त तपासून घे. मीच करतो. चिठ्ठी नको, काही नको.”

“आता? फेब्रुवारीत तर चावलास ना!” मल्हारीने खिशातून पाकीट काढले आणि त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद. “हा बघ. एकोनीस. डॉक्टर म्हनले, बेस हाय. गावी सगळ्यांना दाखवला. भाऊ म्हने, शहरात राहून खराब झाला आसशील. म्हनलं, हे बघ, छापील हाय.”

कागदावर खाली देवरामचीच सही होती. सुवाच्य, जरा तिरपी.

“ते मशीन… तेव्हाचं स्टँड जरा…” तो अडखळला.

“काय जरा?”

“काही नाही. दम लागतो का अजून?”

“लागतो. ते पित्ताचं. घरवाली नवसा म्हन्ते, तुमी बी चाला मच्छरभाऊसंगट. तर येऊ का उद्यापून? पाळी बदलतीये.”

‘नको’ म्हणायला कारण द्यावे लागले असते. “ये,” देवराम म्हणाला, आणि म्हणताना त्याला क्षणभर हलकेही वाटले. चालण्याने आपल्यातली आग निवते आहे, मग याचीही निवेल. न सांगताच फेडले जाईल. अशा रीतीने माणूस स्वतःलाच दुसऱ्यांदा फसवतो.

दोघे चालू लागले. मल्हारी बोलका, देवराम ऐकणारा. हरसूलच्या बाजारातल्या गमती, साहेबांच्या नकला, मुलीला आलेले स्थळ. मल्हारीचे बोलणे सपाट रस्त्यावर पुरे आणि चढ लागला, की तुटे. देवराम मुद्दाम हळू चाले, बुटाची नाडी बांधायचे निमित्त करून थांबे. दिवाळीत नवसाबाईने देवराम आणि वत्सलाला घरी बोलावून फराळ दिला. “तुमच्यामुळं ह्यांनी तंबाखू कमी केली बगा,” ती देवरामला म्हणाली. देवराम ताटात पाहत खात राहिला.

नोव्हेंबर संपताना त्याची नळी अकरा आली. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नऊ.

“काका!” ज्योत्स्नाने टाळी वाजवली. “चोवीसवरून नऊ! पेढे द्या आता.”

देवरामने त्या पिवळसर थराकडे पाहिले. इतका लहान थर. पाच महिन्यांच्या पहाटा त्यात मावल्या होत्या. उपाय खरा होता, यात काडीची शंका नव्हती. शरीराने आपला शब्द पाळला होता. आता मुदत संपली. उद्या सकाळी चालताना मल्हारीला सांगायचे आणि नऊ वाजता डॉक्टरांना, हे त्याने ठरवून टाकले.

त्या मंगळवारी थंडी विलक्षण पडली होती. द्राक्षांना हिम लागू नये म्हणून मळेवाल्यांनी बांधांवर शेकोट्या पेटवल्या होत्या आणि तो धूर जमिनीलगत, गुडघ्याएवढ्या उंचीवर पसरून राहिला होता. नदीवर दोघे दोन खडकांवर बसले. सांगायचे तर इथे, असे देवरामने मनात धरले होते.

“मल्हारी, तुझा तो फेब्रुवारीचा कागद…”

“आज लय गार हाय राव,” मल्हारी उठत म्हणाला. डावा दंड चोळत होता. “चल, वर चढता चढता सांग. बसलं की आखडतंय.”

चढाला लागले. देवराम शब्द जुळवत पुढे चालत होता. दहा-वीस पावले गेल्यावर त्याच्या लक्षात आले, की मागे बोलणे नाही. तो वळला. मल्हारी धुरात उभा होता. मग तो खाली बसला. पडला नाही, बसला, एखाद्याला बसायला सांगितल्यासारखा. घामाने त्याचा सदरा त्या थंडीत छातीला चिकटला होता.

“पित्त,” तो म्हणाला. “लय… पित्त.”

मळ्यावरच्या गड्यांनी टेम्पो आणला. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत देवरामने मल्हारीची नाडी सोडली नाही. त्याच्या स्वतःच्या मनगटातली नाडी संथ, भरीव, तरुण माणसासारखी चालली होती. आणि बोटांखाली दुसरी, घसरत, सापडत, पुन्हा घसरत.

मल्हारी वाचला. हृदयाच्या डाव्या बाजूचा बराचसा स्नायू मात्र मेला होता. प्रेसवर पुन्हा उभे राहायचे नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

त्याच दुपारी देवराम दोन्ही वह्या घेऊन डॉक्टर गायधनींपुढे उभा राहिला. त्याने सगळे सांगितले. पहिली नळी, प्रेस, वजाबाकी, जुलै. ज्योत्स्ना दारात उभी होती. तिच्या हातातला ट्रे हळूहळू खाली आला.

डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाने उलटली. मग म्हणाले, “छत्तीस पाहून मी हृदयाचा झटका ओळखला असता, असं मी म्हणणार नाही. त्या आकड्याला तेवढं कळत नाही.” त्यांनी वही मिटली. “पण मी त्याला घरी पाठवलं नसतं. पुन्हा बोलावलं असतं. कार्डिओग्राम काढायला लावला असता. ते माझं काम होतं, पगारे. तुम्ही ते मला करू दिलं नाही.”

“हो, सर.”

“आणि जुलैनंतर?”

“माझा आकडा उतरायची वाट पाहिली, सर.”

“तुमचं काय करायचं ते विश्वस्त ठरवतील. तोवर या त्रेचाळीस जणांना बोलवा. चिठ्ठी पाठवायची नाही. स्वतः दारात जाऊन सांगायचं, काय झालं ते. रक्त ज्योत्स्ना घेईल.”

देवराम दारोदार गेला. कुणी शिव्या दिल्या, कुणाला नीट समजलेच नाही, एका म्हाताऱ्या पुंजाबाबाने तर “एवढं सांगायला पायी आलास का रं?” म्हणून पाणी पाजले. दोन घरांना कुलपे होती. माणसे गाव सोडून गेलेली. एका घरी बाई म्हणाली, की ते पावसाळ्यातच वारले. कशाने, हे तिला सांगता येईना. देवराम उंबऱ्याबाहेर उभा राहून तिलाही सगळे सांगून आला.

मल्हारीकडे तो शेवटी गेला. खाटेवर मल्हारी भिंतीला उशी लावून बसला होता. दोन आठवड्यांत त्याचे हाडपेर उघडे पडले होते. नवसाबाईने चहा आणून देवरामपुढे ठेवला. त्याने कपाला हात न लावता बोलायला सुरुवात केली. बोलून संपले, तेव्हा चहावर साय आली होती.

“तुमाला कवापून म्हाईत व्हतं?” नवसाबाईने विचारले.

“जुलैपासून.”

“म्हंजी दिवाळीला आमच्या घरी फराळ खाल्ला, तवा बी?”

“हो, वहिनी.”

तिने कप उचलला आणि ती आत निघून गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

मल्हारी छताकडे पाहत होता. “तुजा आकडा किती झाला आता?” त्याने विचारले.

“नऊ.”

“बरंय.” तो सावकाश कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. “बरंय बाबा.”

फेब्रुवारीत मल्हारीला चालायची परवानगी मिळाली. सपाट रस्ता, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, आणि परत. आठवड्याला एक खांब वाढवायचा. मेलेला स्नायू परत येत नाही, पण उरलेल्याला चालवले तर तो अधिक काळ पुरतो, असे रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवसाबाईला समजावले होते. ती पहिले काही दिवस बरोबर आली. मग तिला एका कारखान्यात पॅकिंगचे काम लागले आणि मल्हारी एकटा निघू लागला.

विश्वस्तांनी देवरामची बदली कोठीतले सामान देण्याच्या खिडकीवर केली होती. खोल्या मार्चअखेर सोडायच्या होत्या. पहाटे तो अजूनही पाइपलाइन रोडवर येई, पण आता नदीपर्यंत जात नसे. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मल्हारीच्या मागे वीस पावलांवर, त्याच्याच गतीने चाले. हाक मारण्याचे धाडस त्याला झाले नाही. मल्हारीने कधी वळून पाहिले नाही. दोघांमधून दुधाच्या गाड्या जात, पहिल्या पाळीच्या सायकली जात. तिसऱ्या खांबापाशी मल्हारी थांबे, दम घेई, परत फिरे. देवरामही थांबे; पलीकडून मल्हारी त्याच्याकडे न पाहता निघून जाई, आणि तो दूर गेल्यावर देवराम फिरे.

महिना उलटत आला, तेव्हा एका सकाळी मल्हारी तिसऱ्या खांबाशी वळला नाही. तो तसाच पुढे निघाला, चौथ्याकडे. निम्म्यावर त्याची पावले मंदावली. चौथ्या खांबाला त्याने तळहात टेकला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याची पाठ वर-खाली होत होती. देवराम रस्त्याच्या पलीकडे थांबला. श्वास मोजू लागला. सवयीने, घड्याळ न पाहता.

मल्हारीने खांबावरचा हात सोडला नाही. दुसरा हात उचलून, वळून न पाहताच, पुढे हलवला. दोनदा. जा, तू पुढे जा.

त्या खुणेत राग होता, की क्षमा, की नुसताच एका दमलेल्या माणसाचा कंटाळा, ते देवरामला कळले नाही. पण ती मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे कळले. तो निघाला. पाचवा खांब गेला, सहावा गेला. त्याचे पाय हलके पडत होते, छाती मोकळी होती, श्वासाला कुठेही अडथळा नव्हता. वळून पाहायचे नाही, असे त्याने ठरवले होते. मागे खडीवर पावले वाजतात का, तेवढे ऐकत तो चालत राहिला.